राखणदाराचं नवटाक

आमच्या राखणदाराला वर्षातून एकदा नवटाकभर दारू लागत असे. जास्त नाही आणि कमीही नाही. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. त्यासाठी पितळेचं एक वेगळं माप देवघराच्या खालच्या फळीवर पालथं ठेवलेलं असे, आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही असा आईचा नियम होता. चैत्रात, काजूचे बोंडू संपायच्या आत, बागेच्या कोपऱ्यातल्या धोंड्यापाशी कोंबडा, नारळ आणि हे नवटाक देऊन त्याची राखण द्यायची. मोबदल्यात हा जागेचा अदृश्य धनी माड-पोफळी आणि घरची माणसं सांभाळणार. बाटलीत उरेल ते देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या विठोबा घाडींचं आणि जमलेल्या पुरुषमाणसांचं. ठरावात तेही होतं.

१९६१ साली आमच्याकडे बाटलीच नव्हती.

राज्यात दारूबंदी होती आणि गोव्याची हद्द पाच-सहा वर्षं बंद होती. बाबांनी वारण्याआधी काजूच्या फेणीच्या तीन बाटल्या भाताच्या कणगीत पुरून ठेवल्या होत्या. दर राखणीला एक याप्रमाणे त्या संपल्या. हातभट्टीची कुठे मिळते हे माझ्या वर्गातल्या मुलांनासुद्धा ठाऊक होतं, पण ती आणायची आमची हिंमत नव्हती. कारण माझा धाकटा भाऊ सत्यवान याच्या खिशात पोलिसांचा दाखला होता. त्याला बोटीवर पँट्रीत नोकरी लागली होती आणि ‘वर्तणूक चांगली’ असं त्या दाखल्यावर लिहिलेलं होतं. महिन्यापूर्वीच वाडीत धाड पडून दोघांना नेलं होतं. दाखल्यावरची शाई वाळायच्या आत आमच्या घरात बाटली सापडली असती, तर नोकरी गेलीच.

शुक्रवारी वेंगुर्ल्याच्या बंदरातून मुंबईची आगबोट होती. सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं.

“राखण दिल्याशिवाय माझो झील पाण्यार पाय घालूचो नाय,” आईनं सांगून टाकलं. माझी आई, पद्मावती, आवाज चढवत नसे. त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नसे.

“गो आये, सोमवारी पोचलंय नाय तर ती जागा दुसऱ्याक देतले.”

“देवंदेत.”

“नारळ-कोंबडो देवया मगे. सोऱ्याचा काय घेवन बसलंस?”

“तुझ्या बापाशीन वीस वर्सां दिल्यान. तुझ्या आज्यान दिल्यान. तू पहिल्यांदा घराभायर पडतंस आणि तेचा माप चुकवतंस?”

सत्यवाननं माझ्याकडे पाहिलं. मी वेंगुर्ल्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत असे, त्यामुळे घरातली कुठलीही अडचण शेवटी माझ्याकडे येई; दिव्याची वात चढत नसली तरी. पण या वेळी उत्तर ओसरीवरून आलं.

“सोऱ्याशिवाय सोऱ्यासारख्या करूक येता,” गुणाजीमामा म्हणाला. सोरो म्हणजे दारू.

गुणाजीमामा आईचा थोरला भाऊ. बावीस वर्षं बोटीवर काढून तो आमच्याकडे राहायला आला होता. त्यातली शेवटची चौदा वर्षं तो साहेबलोकांना पेयं मिसळून देण्याच्या कामावर होता. येताना त्यानं एक झाकणाचं लांबट भांडं, एक हातभर लांब चमचा आणि दोन तोंडांचं एक चकचकीत माप आणलं होतं. एकावर एक पालथे ठेवलेले दोन पेले असावेत तसं ते दिसे. एका बाजूला दोन औंस, दुसऱ्या बाजूला एक. दारूबंदीच्या मुलखात या सामानाचा उपयोग काय? लांबट भांड्यात आई मेथी ठेवत होती. मापानं मामा स्वतःच्या चहात दूध मोजून घाले. एक औंस, रोज.

“बोटीर एक पाद्री होतो,” मामा म्हणाला. “दारूक शिवत नसलो. पण चार माणसांत हातात गिलास दिसूक व्हयो, आणि चेहरो पण तसोच दिसूक व्हयो. तेका मी अठरा दीस रोज संध्याकाळी करून दिलंय. शेवटच्या दिवशी तो माका विचारता, ‘तू नक्की काय घालणस नाय मां?’”

“राखणदार काय पाद्री आसा?” आई म्हणाली.

“पाद्र्यापेक्षा बरो. हो निदान बोलाचो नाय.”

शनिवारी आम्ही विठोबा घाडींना बोलावून विचारलं. साठीचा किडकिडीत माणूस, पण गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की आवाज शेजारच्या वाडीत जाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावला.

“तेका फसवूची माझी छाती नाय,” ते म्हणाले. “सरबत तर सरबत म्हणानच सांगतलंय. पण घशाक वायच तरी लागूक व्हया. गोडमिट्ट पाणी दिलास तर मी जबाबदार नाय.”

“आणि तेका चालला काय नाय, ता कसा कळतला?” आईनं विचारलं.

“खूण मागूया.”

“खूण नाय दिल्यान तर?”

घाडीकाकांनी सत्यवानकडे पाहिलं, मग पानाकडे. “ता तू ठरव, बाय.”

“मगे तो जावचो नाय,” आई म्हणाली. सत्यवान उठून विहिरीवर गेला आणि उगाचच चार कळशा पाणी काढत बसला.

राखण बुधवारी दुपारी ठरली, कारण सोमवारी कोंबडा चालत नाही आणि मंगळवारी घाडीकाका दुसऱ्या वाडीत होते. मामाचं म्हणणं होतं की पेय बुधवारी सकाळी ताजं करावं. मी म्हटलं, नाही. बुधवारी मला सकाळची शाळा होती आणि मी नसताना हे दोघं अंदाजपंचे काहीतरी ढवळून ठेवतील अशी मला धास्ती होती. प्रयोग करायचा तर रविवारी, माझ्यासमोर, मोजून.

रविवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून शंभर मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र घरी आणलं. पहिल्यांदा देवघरातलं नवटाक पाण्यानं भरून मोजलं. एकशे नऊ मिलिलिटर. सरकारी कोष्टकाप्रमाणे एकशे सोळा भरायला हवं होतं. मापाला बुडाशी पोचा होता.

“आये, ह्या सात मिलिलिटर कमी भरता.”

“म्हंजे?”

“म्हंजे इतकी वर्सां आपण तेका दरसाल दीड चमचो कमी देतो.”

आईनं ते माप माझ्या हातातून काढून घेतलं. “तेना कधी तक्रार करूक नाय. तू कशाक करतंस?”

मग मी मामाला पारखायचं ठरवलं. त्याच्या हातातलं दोन तोंडांचं माप काढून घेतलं आणि नुसत्या नजरेनं एक औंस पाणी मोजपात्रात ओतायला सांगितलं. एक औंस म्हणजे अठ्ठावीस पूर्णांक चार. मामानं तांब्या उचलला, दुसरीकडे बघत ओतला. अठ्ठावीस. पुन्हा ओतला. साडेअठ्ठावीस. पाच वेळा ओतलं आणि पाचही वेळा चूक अर्ध्या मिलिलिटरच्या आत. माझ्या अकरावीच्या वर्गात मोजपात्र हातात घेऊनही इतकं जमत नसे.

“मगे ह्या माप कशाक वापरतंस?” मी विचारलं.

“गिऱ्हाईक बघता मां. मोजून दिला की तेका बरा वाटता.”

कृती साधी होती. ती मी वहीत लिहून घेतली आणि अजूनही माझ्याकडे आहे. मुख्य वस्तू बोंडूंचा रस, कारण फेणीचा वास मुळात त्याचाच. बोंडूंचा रस घशाला तुरट बसतो, म्हणून त्यात पेजेची निवळ घालून तासभर ठेवला. तुरटपणा धरून गाळ खाली बसला आणि वरचा पिवळसर नितळ रस मी फडक्यातून काढून घेतला. जळजळीसाठी आल्याचा रस. जिभेला मुंग्या येण्यासाठी तिरफळांचं पाणी; बांगड्याच्या तिकल्यात घालतो तीच तिरफळं, ठेचून रात्रभर भिजवलेली. थोडं लिंबू. आणि साखरेचा पाक, एकास एक.

पहिल्या खेपेला आलं जास्त झालं. चव घ्यायला सत्यवानला बसवलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो ओसरीभर नाचला. दुसऱ्या खेपेला तिरफळ वाढलं.

“ह्या काय?” तो म्हणाला. “माशे खंय गेले हेच्यातले?”

तिसऱ्या खेपेला मामानं ते मेथीचं भांडं रिकामं करून धुऊन घेतलं, सगळं त्यात ओतलं, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी खांद्यापाशी धरून असं हलवलं की कोंबड्या अंगण सोडून गेल्या. “हलवल्याशिवाय ह्या पेयाक जीव येणा नाय,” तो म्हणाला. सत्यवाननं घोट घेतला, थांबला, खाकरला.

“हां! अश्शीच लागता!”

“तुका कशी म्हायत?” आईनं आतून विचारलं.

सत्यवाननं पेला मामाच्या हातात दिला. “लोक सांगतत मां, आये,” सत्यवान म्हणाला.

शेवटचं प्रमाण असं ठरलं: बोंडूंचा रस अठरा औंस, पाक तीन, तिरफळाचं पाणी दोन, आल्याचा रस दीड, लिंबू एक. साडेपंचवीस औंस. फेणीच्या जुन्या बाटलीत ते मानेपर्यंत बरोबर बसलं, याचं मला फार समाधान वाटलं. बूच घट्ट ठोकलं, सुतळीनं बांधलं, वर मेण ओतलं.

आता ही बाटली तीन दिवस ठेवायची कुठे? तिच्यात सरबत आहे हे आम्हाला माहीत. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फेणीचीच बाटली दिसणार. कणगी पहिल्यांदा तपासतात, हे धाडीच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं होतं. मीच म्हटलं, आढीत ठेवू. माजघरात भाताच्या गवतात आंबे पिकत घातलेले होते. मी गवत उचकटलं, बाटली आडवी निजवली, वर आंबे रचले, पुन्हा गवत पसरलं. कुणाला संशय येणं शक्य नव्हतं.

मला स्वतःलाही आला नाही, आणि तो पहिल्यांदा मला यायला हवा होता. आदल्याच महिन्यात मी वर्गाला आढीची ऊब दाखवली होती. बाहेर एकतीस अंश, गवतात छत्तीस. आंबण्याच्या क्रियेचं समीकरण मी फळ्यावर न बघता लिहीत असे. पण ते समीकरण वहीत होतं आणि बाटली गवतात होती. मामाला बोटीवर सगळं बर्फात ठेवायची सवय होती. आईला बोंडूंच्या रसाचं काय होतं ते पुरतं ठाऊक होतं. तिनं नंतर सांगितलं, “माका दिसला, तू शिकल्लंस. तू कायतरी उपाय केला असशीत.”

बुधवारी शाळा सुटल्यावर मी दोन मैल भराभर चालत आले. घर रिकामं होतं, आढी उपसलेली होती. सगळे बागेत गेले होते. राखणीपाशी बायकांनी जायचं नाही. पोफळींच्या बांधापलीकडे आई हात जोडून उभी होती, तिच्या शेजारी मी जाऊन उभी राहिले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. सत्यवानची ट्रंक सकाळी मी ओसरीवर बांधलेली पाहिली होती. आता तिच्यावर आईनं कपडे वाळत घातले होते.

धोंड्याला शेंदूर लावलेला होता. समोर नारळ, कोंबड्याची डाली, पालथं नवटाक आणि बाटली. घाडीकाकांनी डोळे मिटले तसा मामा पुढे वाकला. सत्यवाननं सुतळी कापली होती. मामानं बाटली उचलली आणि चौदा वर्षांच्या सवयीनं खांद्यापाशी धरून बारा-पंधरा वेळा जोरात हलवली. मग अलगद जागेवर ठेवून मागे सरला.

“बा राखणदारा, ह्या जाग्याच्या धन्या म्हाराजा!” घाडीकाकांचा आवाज माडांत घुमला.

“व्हय म्हाराजा!” पुरुषांनी साथ दिली.

“आज ही लेकरां वर्साची राखण घेवन तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सरकारान सोरो बंद केल्यान, हद्द बंद केल्यान. ह्या सरबत आसा. बोंडूचा आसा, आल्याचा आसा. तुझ्याकडे खोटा बोलणव नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो झील पाण्यार चललो हा. तेच्या पाठीपुढे उभो रव. आणि ह्या सरबत तुका चलता असात, गोड मानून घेतलं असशीत, तर आमका आत्ताच्या आत्ता...”

फाट्!

बूच सरळ वर गेलं, माडाच्या झावळीला लागलं आणि पाटात पडलं. नंतर मी पावलं मोजली, धोंड्यापासून अकरा. बाटलीच्या तोंडातून पांढरा फेस उसळून धोंड्यावर वाहत होता. कोंबड्यानं डालीत कालवा केला. मग सत्यवान एकटाच, घसा फाटेल एवढ्यानं ओरडला, “व्हय म्हाराजा!” आणि मागोमाग सगळे.

आईनं माझा दंड धरला होता. तिची बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत उमटलेली होती.

घाडीकाकांनी नवटाक भरलं, धोंड्यावर ओतलं. मग रिवाजाप्रमाणे आपला वाटा नारळाच्या करवंटीत घेतला. घोट घेतला. डोळे उघडले. आणखी एक घोट घेतला, या वेळी सावकाश.

“गुणाजी,” ते म्हणाले, “हेका तू सरबत म्हणतंस?”

मामानं करवंटी घेतली, वास घेतला, जिभेवर घोळवलं. मग त्यानं पोफळींच्या बांधापलीकडे माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मला आढी दिसली. गवत दिसलं. अठरा औंस रस, तीन औंस पाक, छत्तीस अंश, तीन दिवस. मी मनातल्या मनात हिशेब केला. चार-पाच टक्के तरी. बाटलीच फुटली नाही हे नशीब. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली: सत्यवानच्या खिशात दाखला होता, आणि दारूबंदीच्या राज्यात दारू गाळणारी त्याच्या घरातली व्यक्ती मी होते.

“ती संपवूक सांग,” मी आईच्या कानात म्हटलं. “आत्ताच्या आत्ता. थेंब रवता नये.”

सांगावं लागलं नाही. सहा माणसं होती, दहा मिनिटं पुरली.

संध्याकाळी मी आईला सगळं समजावलं. खोटी खूण घेऊन सत्यवान जावा हे मला बरं वाटेना. ती ट्रंकेवरचे कपडे काढून घड्या घालत होती.

“तेच्यात सोरो तू घातलंस?” तिनं विचारलं.

“नाय.”

“गुणाजीन घातल्यान?”

“नाय गो. सालीर, हवेत बारीक जीव असतत. ते साखर खातत आणि तेचो सोरो करतत.”

“तुका दिसले ते?”

“सूक्ष्मदर्शकातून दिसतत.”

“त्या बाटलीतले?”

“...नाय.”

“आणि ता बूच घाडी खूण मागी होतो तेव्हाच उडाला. आधी नाय, मागसून नाय.”

“मामान हलवल्यान म्हणान!”

“मगे गुणाजीक तेव्हाच हलवची बुद्धी कोणी दिली?” तिनं सत्यवानचा सदरा माझ्या हातात दिला. “ह्यो धर, नीट घडी घाल. ट्रंकेत वायच जागा ठेव, आंबे देवचे आसत.”

मी सदऱ्याची घडी घातली.

शुक्रवारी बंदरावर गर्दी होती. आगबोट लांब उभी होती आणि माणसं पडावांतून तिच्याकडे जात होती. मामानं खिशातून ते दोन तोंडांचं माप काढून सत्यवानच्या हातात ठेवलं.

“हात बसासर वापर. मगे खिशात ठेव.”

“आणि तुझ्या चायत दूध?”

“माझो हात बसल्लो आसा, मेल्या. चल, पडाव सुटता.”

सत्यवान पडावात चढला. आई हात हलवत नव्हती, नुसती बघत होती. पण ओठ मिटलेले नव्हते. पडाव लाटेवर चढून उतरला आणि पाण्यावरची ओळखीची पाठ इतर पाठींत मिसळली, तेव्हा ती वळली आणि म्हणाली, “चला, आढी परत घालूची आसा.”

घाडीकाकाही निरोपाला आले होते. आई आणि मामा पुढे गेल्यावर ते माझ्या बरोबरीनं चालू लागले. मग इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. त्यांचा आवाज इतका उतरू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“बाय, तुझ्या वहीत ता प्रमाण लिवन ठेवलंस मां?”

“ठेवलंय.”

“बरा केलंस. राखणदार खूश आसा. फुडच्या वर्साक त्याच मापान कर. फकत,” ते थांबले, “तीन दिवसांच्या जाग्यार पाच दीस ठेवलंस तर?”

मी विचार केला. तापमान, साखर, बूच. प्रश्न नेमका होता आणि नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची मला सवय आहे.

“चार, घाडीकाका. पाचव्या दिवसापासून आंबट जाऊक लागता. आणि बूच सैल व्हया.”

घाडीकाकांनी हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.